कपाटातलं वायफाय

आमच्या घरी वायफाय आलं त्या दिवशी बसवणाऱ्या माणसाने जाता जाता सांगितलं, "काका, हा राउटर मोकळ्यावर ठेवा. बाहेरच्या खोलीत, जरा उंचावर. म्हणजे घरभर नीट रेंज येईल."

ह्यांनी मान डोलावली. त्याला पाणी दिलं, दारापर्यंत सोडायला गेले, तो जिना उतरून रस्त्याला लागल्याची खिडकीतून खात्री करून घेतली, आणि मग राउटर दोन्ही हातांनी उचलून आतल्या खोलीतल्या लोखंडी कपाटात ठेवला. वर कुलूप.

ह्यांना नावं ठेवायचा माझा हेतू नाही. सारा जन्म बँकेत कॅशियर म्हणून गेला. मौल्यवान वस्तू मोकळ्यावर ठेवा असं सांगणारा माणूस एक तर खुळा असतो नाहीतर चोराचा मेहुणा, अशी त्यांची समजूत. आणि केलं ते काम काही अर्धवट केलं नाही. वेल्डिंगवाल्याला बोलावून कपाटाच्या पाठीला भोक पाडून घेतलं, वायरी तिथून आत नेल्या, पत्र्याची कड लागू नये म्हणून भोकाला रबर लावलं. बाळंतिणीची काय कोण काळजी घेईल, इतकी त्या राउटरची घेतली.

पासवर्ड फक्त ह्यांना ठाऊक. कुणाच्या फोनमध्ये घालायचा झाला तर फोन ह्यांच्या हाती द्यायचा. हे भिंतीकडे तोंड करून, एका हाताचा आडोसा धरून, दुसऱ्या हाताच्या एका बोटाने टाइप करणार. पोटच्या पोरालाही तोच नियम. "विश्वासाचा प्रश्न नाही," हे म्हणायचे, "पद्धतीचा प्रश्न आहे."

एवढा बंदोबस्त कुणासाठी, तर समोरच्या दातवाल्या डॉक्टरांसाठी. आमच्या बाहेरच्या खोलीची खिडकी आणि त्यांच्या दवाखान्याची खिडकी, मध्ये एक बोळ. एकदा डॉक्टर त्यांच्या खिडकीत फोन उंच धरून उभे असलेले ह्यांनी पाहिले. झालं. "बघितलंस? आपलं नेट ओढतोय." मी म्हटलं, फोटो काढत असतील ढगांचे. ह्यांनी माझ्याकडे अशा दयेने पाहिलं की मी पुन्हा तो विषय काढला नाही.

तर असं आमचं वायफाय कडेकोट सुरक्षित झालं. इतकं, की आम्हालाही मिळेना.

स्वयंपाकघरात फोन नुसता गरगर फिरायचा. बाहेरच्या खोलीत बातम्या लावल्या की निवेदिकेचं तोंड उघडं ते उघडंच राहायचं. रेंज सगळ्यात चांगली कुठे, तर न्हाणीघरात. कपाटाची पाठ त्या भिंतीला, आणि भोकही तिकडच्याच अंगाला. त्यामुळे घरातली माणसं एकाएकी फार स्वच्छ झाली. चिरंजीव सकाळी आत गेले की बाहेर यायचं नाव नाही. हे स्वतःही वर्तमानपत्र न घेता आत जायला लागले. बाहेरून दार ठोठावलं की आतून आवाज, "एक मिनिट, डाउनलोड होतंय."

कपाटाबद्दल कुणी बोललं नाही असं नाही. चिरंजीवांनी एकदा धीर केला.

"बाबा, लोखंडातून सिग्नल येत नाही."

"भिंतीतून येतो ना? भिंत केवढी आणि पत्रा केवढा! डोकं वापर जरा."

मग सूनबाईने प्रयत्न करून पाहिला. ती शाळेत गणित आणि विज्ञान शिकवायची. अगदी गोडीगुलाबीने, कागदावर लहरी वगैरे काढून तिने सगळं समजावलं. ह्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"चित्र छान आहे," हे म्हणाले. "पण माझं उभं आयुष्य तिजोरीपाशी गेलं, सूनबाई. आत ठेवलेलं काही कधी बाहेर गेलं नाही."

"तोच तर त्रास आहे ना, बाबा!"

ह्यांना विनोद कळला नाही की कळून न कळल्यासारखं केलं, देव जाणे.

सरळ रस्ता बंद झाल्यावर चिरंजीवांनी आडरस्ते धरले. हा मुलगा बापाला उलट उत्तर देत नाही, बाजारात जाऊन काहीतरी विकत आणतो. लहानपणापासून तसाच. आधी त्याने सिग्नल वाढवणारा एक बूस्टर आणला. तो बाहेरच्या खोलीत लावायचा असतो म्हणे. ह्यांनी खोका उघडून पाहिला, वस्तू नाजूक दिसली, म्हणून तीही कपाटात. मग चार शिंगांचा दुसरा आणला, आधीच्यापेक्षा भारी. भारी म्हटल्यावर बाहेर राहायचा प्रश्नच नव्हता. आता कपाटात तिघं झाले, हिरवे दिवे मिचकावत एकमेकांना जोरदार सिग्नल देत बसलेले. कधी कपडे काढायला हे दार उघडायचे तेव्हा तेवढ्या वेळात घरातले सगळे फोन टुणटुण वाजायचे, सकाळपासून अडकलेले निरोप धडाधड येऊन पडायचे, आणि दार लागलं की पुन्हा सामसूम.

शेवटी कंपनीचा माणूस बोलावला. पण परक्या माणसाला आतल्या खोलीत कसं न्यायचं? ह्यांनी त्याला बाहेरच्या खोलीतच खुर्ची दिली. त्याने फोन इकडे तिकडे फिरवला, भिंतीवर टकटक केलं आणि निदान केलं, "काका, भिंती जाड आहेत तुमच्या. वरचा प्लॅन घ्यावा लागेल." ह्यांचा चेहरा असा खुलला, जणू भिंती ह्यांनीच रात्रंदिवस खपून जाड केल्या होत्या. वरचा प्लॅन घेतला. तोही कपाटात.

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं तोवर चाललं. मग सूनबाईला एक पत्र आलं.

नात झाल्यावर सूनबाईने नोकरी सोडली होती. आता नात बालवाडीत जायला लागली, तशी ती पुन्हा शाळा शोधत होती. दूरच्या एका शहरातल्या मोठ्या शाळेला तिचा अर्ज आवडला आणि त्यांनी लॅपटॉपवर मुलाखत ठेवली. त्यांच्याकडे दोन जागा होत्या. एक घरी बसून पडद्यावरून शिकवायची. दुसरी प्रत्यक्ष शाळेत, राहायला घरासकट. चिरंजीवांच्या कंपनीचं त्या शहरात ऑफिस आहे, बदली मागितली की मिळण्यासारखी.

भांडी पुसता पुसता ती मला म्हणाली, "आई, मला इथून जायचं नाही. पिल्लूला तुमच्यापासून तोडायचं नाही. पण घरात बसून मी गंजत चाललेय हो. पडद्यावरची मिळाली तर इथेच. नाही मिळाली तर मी दुसरी घेणार. रागावू नका."

रागवायचं काय त्यात? मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. संध्याकाळी ह्यांना सांगितलं, शब्दन् शब्द. ह्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि विचारलं, "मुलाखत किती वाजता?"

मला वाटलं, बर्फ वितळला. कुठलं काय! हे एवढंच म्हणाले, "त्या वेळी मी न्हाणीघर मोकळं ठेवीन."

तर मुलाखत न्हाणीघरात झाली. सूनबाईने बादली पालथी घालून वर उशी ठेवली, कपडे धुवायच्या दगडावर लॅपटॉप ठेवला, पाठीमागे चादर टांगली. केस नीट बांधले, चांगला पोशाख केला, पायात मात्र रबरी चपला. मुख्याध्यापिकाबाई पडद्यावर आल्या. मी दाराबाहेर उभी होते, कुणी चुकून आत जाऊ नये म्हणून. आतून येणारं सगळं ऐकू येत होतं.

"आवाज घुमतोय तुमचा. विहिरीतून बोलल्यासारखा."

"खोली रिकामी आहे, मॅडम. सामान कमी आहे."

बरं चाललं होतं. सूनबाई उत्तरं छान देत होती. मग कशी कोण जाणे, चादर सुटली.

"तुमच्या मागे तो नळ आहे का?" बाईंनी विचारलं.

सूनबाई खोटं बोलली नाही. "हो मॅडम. आमच्या घरात रेंज इथेच येते."

कॉल तुटला असं मला वाटलं. मग बाई म्हणाल्या, "हे बघा, तुमची उत्तरं मला आवडली. उद्या दहा वाजता आमच्या सहावीच्या वर्गाला एक तास घेऊन दाखवा. पण फळ्यासमोर उभं राहून, आणि मध्ये न तुटता. मुलं नळ बघून हसतील हो, त्यांना पुन्हा गप्प कोण करणार? आणि उद्या जमलं नाही तर मनाला लावून घेऊ नका. तुम्ही इकडेच या. ती जागा तुमच्यासाठी राखून ठेवते."

म्हणजे बाई भल्या होत्या. भल्या माणसांचा हाच त्रास, त्यांच्यावर चिडताही येत नाही.

न्हाणीघरात फळा मावेना. चिरंजीवांनी उभा करून पाहिला, आडवा करून पाहिला. फळा आत गेला तर सूनबाई बाहेर, सूनबाई आत तर फळा बाहेर. हे बाजूला उभे राहून सूचना देत होते, "तिरका घे, तिरका." शेवटी चिरंजीवांनी फळा खाली ठेवला आणि तो बापाकडे न बघता म्हणाला, "मी बदलीचा अर्ज लिहायला घेतो."

हे आतल्या खोलीकडे वळले. पण कपाटाची किल्ली ह्यांच्या खिशात होती आणि हात खिशावर. माणूस हट्टी असतो असं नाही, कधी कधी त्याला हट्टातून बाहेर यायची वाटच सापडत नाही. कुणीतरी दार किलकिलं करून द्यावं लागतं.

मी पायांत चपला घातल्या आणि समोर डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर कुणाच्या तरी दाढेत डोकं घालून बसले होते. त्यांच्या बायकोने मला बसवलं. मी आल्याचं कारण सांगितलं, आहे तसं. ती म्हणाली, "अहो, एवढंच ना! आमचं नेट वापरा. नाहीतर सूनबाईंना इकडेच पाठवा. पेशंट बसतात ती खोली सकाळी रिकामीच असते, रेंजही मस्त. खिडकीतही यायला लागत नाही आता, पूर्वी फार त्रास होता, आमच्या ह्यांना फोन हातात घेऊन खिडकीत उभं राहावं लागायचं."

घरी येऊन मी ह्यांच्या समोर बसले. रोज प्रार्थनेला बसते तशीच, हात मांडीवर.

"डॉक्टरांकडे जाऊन आले," मी म्हटलं. "उद्या सूनबाई त्यांच्याकडे बसून तास घेईल. त्यांच्या नेटवर. ते हो म्हणालेत."

"कोण हो म्हणालं?"

"डॉक्टर. म्हणजे त्यांची बायको. डॉक्टरांच्या तोंडावर मास्क होता, पण मान हलवली त्यांनी."

हे ताडकन उठले. "त्याच्या नेटवर? आपल्या घरची सून? त्याच्याकडे मागायला गेलीस तू?"

"मागायला गेले नाही. त्यांनी देऊ केलं. पासवर्डसुद्धा सांगितला. मोठ्याने."

ह्या शेवटच्या शब्दाने जे झालं ते लहरींच्या चित्राने झालं नव्हतं. मी खोटं बोलत नाही हे ह्यांना पक्कं ठाऊक. हे खोलीत येरझाऱ्या घालायला लागले. "मोठ्याने! पासवर्ड, मोठ्याने! ह्या माणसाला काही... आणि उद्या गल्लीभर सांगत फिरेल. कॅशियरसाहेबांच्या घरी नेट नाही, आमचं वापरतात. आपल्याकडे नाही का? तीन तीन डबे आहेत आपल्याकडे!"

"आहेत की," मी म्हटलं. "कपाटात."

सकाळी नऊ वाजता हे आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, कपाटासमोर उभे. "तू इथे उभी राहा," मला म्हणाले. "तिजोरी एकट्याने उघडायची नसते. साक्षीदार लागतो." मी उभी राहिले. कुलूप उघडलं. तीन डबे एकेक करून बाहेर आले, मध्ये कुठेही खाली न टेकवता बाहेरच्या खोलीतल्या टेबलावर गेले, आणि चिरंजीवांनी वायरी लांबवून जोडल्या. घरातले सगळे फोन एकदम कोकलायला लागले. सूनबाईने लॅपटॉप उघडला, पडद्याकडे बघितलं आणि तिच्या तोंडून फक्त "अगं बाई!" एवढंच निघालं.

"थांबा," हे म्हणाले. "एवढ्याने भागत नाही."

आणि त्यांनी खिडकी बंद केली. खिट्टी लावली. वर जाड पडदा ओढला, पडद्याच्या फटीत चिमटे लावले. "आता बाहेर जाणार नाही," म्हणाले, आणि टेबलाशेजारी खुर्ची ओढून बसले, हात गुडघ्यांवर, पाठ ताठ. दारावर मी.

दहाला तास सुरू झाला. रेंज अशी की पलीकडच्या वर्गातलं कुणीतरी शिंकलं तेही इकडे ऐकू आलं. आणि त्याच्या मागोमाग एका मुलाचा आवाज, "मॅडम, तुम्ही दिसत नाही. काळं काळं दिसतंय."

सूनबाईने दिवा लावला. तो बरोब्बर फळ्यावर चकाकला.

"आता फळा दिसत नाही, मॅडम. नुसता सूर्य दिसतोय." वर्ग हसला.

मुख्याध्यापिकाबाईंचा आवाज आला, "उजेडाचं काही करता येईल का हो? नाहीतर..." आणि त्या 'नाहीतर'च्या पुढे काय, ते घरातल्या प्रत्येकाला पाठ होतं.

सूनबाईने दिवा बंद केला. अंधारात ती नुसती उभी राहिली, हातात खडू. ह्यांच्याकडे बघितलंही नाही तिने. ते जास्त वाईट होतं. चिरंजीव फळ्याचे पाय धरून मागे बसला होता, फळा डगमगू नये म्हणून. तो पुटपुटला, "बाबा, खिडकी."

"समोर तो उभा असेल," हे कुजबुजले.

"असू दे ना हो," मी म्हटलं.

"सगळं ओढून घेईल."

"घेऊ दे. आपली माणसं तरी उरतील."

एवढं बोलायचं माझ्या मनात नव्हतं. तोंडातून गेलं.

हे उठले. कॅमेऱ्यात येऊ नये म्हणून अर्धे वाकून, भिंतीला चिकटून खिडकीपर्यंत गेले. चिमटे एकेक काढून खिशात टाकले. पडदा सारला, खिट्टी काढली, दोन्ही दारं सताड उघडली. उजेडाचा लोट आत आला. सूनबाई दिसली, फळा दिसला, आणि अर्धे वाकलेले हेही दिसले असणार, कारण पलीकडून एक मुलगी ओरडली, "मॅडम, ते आजोबा चोर आहेत का?"

"नाही," सूनबाई म्हणाली, "ते आमच्या घरचे कॅशियर आहेत. बरं, आता वहीत एक रेघ मारा. मधोमध शून्य लिहा."

समोरच्या खिडकीत डॉक्टर खरंच उभे होते. चहा पीत होते. त्यांनी ह्यांना हात केला. ह्यांचा नाइलाज झाला, ह्यांनीही केला.

तास ऋण संख्यांचा होता. सूनबाई जिन्याचं उदाहरण देत होती, जमिनीवर शून्य, वर चढलं की धन, तळघरात उतरलं की ऋण. एक मुलगा अडून बसला, "मॅडम, पण काहीच नसण्यापेक्षा कमी कसं असेल? नाही म्हणजे नाही." ह्यांनी खुर्चीवरून त्या मुलाला अनुमोदन म्हणून मान हलवली. सूनबाईने त्याला तळघराच्या पायऱ्या एकेक करून मोजायला लावल्या. तो मोजत मोजत उणे चारपर्यंत गेला आणि म्हणाला, "हां, म्हणजे खाली जागा असते तर." ह्यांनी पुन्हा मान हलवली, ह्या वेळी जरा सावकाश.

कॉल एकदाही तुटला नाही.

दुपारी बाईंचा फोन आला. सूनबाई बोलायला आतल्या खोलीत गेली आणि लगेच बाहेर आली. तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग ह्यांच्याकडे. "घेतलं मला," म्हणाली. "पडद्यावरची. सोमवारपासून, रोज दहा ते एक."

चिरंजीवांनी टेबलावरचा बदलीचा अर्ज घडी करून खिशात घातला, आणि मग बाहेर काढून फाडलाच. नातीला काही कळलं नाही, पण सगळे हसताहेत म्हणून तीही टाळ्या वाजवायला लागली. ह्यांच्या हातात किल्ली, समोर टेबलावर तीन डबे, हिरवे दिवे चालू. डबे उचलायला हे वाकले, मग थांबले.

"सूनबाई, रोज खिडकी उघडी लागणार?"

"उजेड लागतो, बाबा."

"पूर्ण?"

"पूर्ण."

ह्यांनी बोळापलीकडे बघितलं. डॉक्टरांची खिडकी रिकामी होती, ते ह्यांना आणखीच संशयास्पद वाटलं असावं. मग किल्ली खिशात टाकली, खुर्ची ओढून टेबल आणि खिडकीच्या बरोबर मध्ये ठेवली, आणि हात गुडघ्यांवर ठेवून बसले.

"राहू दे इथेच," हे म्हणाले. "मी आहे."

"बसा," मी म्हटलं, आणि चहा टाकायला आत गेले.